१०८ ऐवजी १०० मण्यांची माळ घेऊन तिबेट पावलांनी मोजणारा शाळामास्तर

जपमाळेत मणी किती असतात, असं विचारलं तर आपल्याकडे कुणीही पटकन सांगेल, १०८. तिबेटमधल्या बौद्धांच्या माळेतही १०८च असतात.

पण १८६५ साली नेपाळच्या बाजूने तिबेटमध्ये शिरलेल्या एका यात्रेकरूच्या माळेत फक्त १०० मणी होते. तो चालताना एका लयीत पावलं टाकायचा, ओठ हलवत राहायचा आणि दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. बघणाऱ्याला वाटायचं, बुवा जप करतोय. प्रत्यक्षात बुवा मोजत होता. माळ एकदा फिरली की दहा हजार पावलं, म्हणजे जवळपास पाच मैल.

असं मोजत मोजत तो ल्हासापर्यंत गेला आणि परत आला. पावलांचा एकूण हिशेब भरला सुमारे २५ लाख.

या माणसाचं नाव नैनसिंह रावत. गेल्या काही वर्षांत त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, गुगलने डूडल केलं, आणि सोशल मीडियावर 'भारताचा विसरलेला गुप्तहेर' म्हणून त्यांची गोष्ट अधूनमधून फिरत असते. पण नुसतं गुप्तहेर म्हटलं की गोष्ट अर्धीच राहते. नैनसिंहांना जे जमलं ते इंग्रजांच्या कुठल्याच अधिकाऱ्याला का जमलं नाही, हे समजून घ्यायचं तर आधी त्यांच्या गावाला जावं लागतं.

दोन देशांच्या मधलं गाव

आजच्या उत्तराखंडात पिथौरागढ जिल्हा आहे. तिथल्या मुनस्यारीपासून गोरीगंगा नदीच्या काठाकाठाने वर चढत गेलं की जोहार खोरं लागतं. या खोऱ्यातलं अगदी वरचं मोठं गाव म्हणजे मिलम. उंची सुमारे ३,४०० मीटर. त्याच्या पुढे हिमनदी, घाटवाटा आणि पलीकडे तिबेट.

नैनसिंहांचा जन्म १८३० चा, मिलमच्या रावत घराण्यातला.

इथल्या लोकांना शौका म्हणतात. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांना भोटिया म्हटलंय. नावं सिंह, देवी नंदादेवी, बोली पहाडी, आणि सोबत तिबेटी भाषाही येते. उन्हाळ्यात मिलमला राहायचं आणि बर्फ पडायच्या आत घरदार, गुरंढोरं घेऊन खालच्या गावांत उतरायचं, असा वर्षाचा क्रम. मिलममध्ये शेती फार थोडी. पोट चालायचं ते व्यापारावर.

हा व्यापार कसा चालायचा ते बघा. इकडून धान्य, गूळ आणि कापड जायचं. तिकडून मीठ, लोकर आणि टाकणखार यायचा. ओझी वाहायला शेळ्यामेंढ्या. प्रत्येकीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या छोट्या पिशव्या. हे कळप उंटाधुरा, जयंती आणि कुंगरीबिंगरी या एकापाठोपाठ एक येणाऱ्या तीन खिंडी ओलांडायचे. तिन्ही खिंडी ५,००० मीटरच्या वर. मध्येच वादळ आलं तर थांबायला जागा नाही, त्यामुळे शक्यतो एका दमात तिन्ही पार करायच्या.

पलीकडे गेल्यावर कुणाशीही सौदा करायचा, असंही नव्हतं. शौका व्यापाऱ्याचा तिबेटमधला व्यापारी ठरलेला असायचा. त्याला 'मित्र' म्हणायचे. ही मैत्री बापाकडून मुलाकडे जायची. करार कागदावर नसायचा. एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे करायचे, एक इकडे ठेवायचा, एक तिकडे. दोन तुकडे जुळले की ओळख पटली.

म्हणजे लंडनमधल्या नकाशावर जिथे कोरी जागा होती, तिथे मिलमच्या माणसाचे घरोब्याचे लोक होते. नैनसिंहही तरुणपणी वडिलांबरोबर तिबेटच्या बाजारात जाऊन आलेले.

कलकत्त्यात बसलेल्या सरकारला मात्र त्या कोऱ्या जागेने हैराण केलं होतं.

तिबेट बंद का होता?

१९ व्या शतकाच्या मध्यावर मध्य आशियात एकीकडून रशिया सरकत होता, दुसरीकडून ब्रिटिश. दोघांच्या मध्ये तिबेट आणि तुर्कस्तानचा प्रचंड मुलूख. तिबेटवर चीनच्या छिंग बादशहांचा वरवरचा अंमल होता आणि गोऱ्या माणसाला तिथे मज्जाव होता. इंग्रज हळूहळू हिमालयाच्या पायथ्याची राज्यं गिळत आलेत, हे ल्हासातून दिसत होतंच. त्यामुळे दार लावून घेणं अगदीच अनाकलनीय नव्हतं.

याच काळात जर्मनीचे स्लागिंटवाइट बंधू हिमालयात शास्त्रीय मोहिमेवर आले होते. त्यांना वाटाडे हवे होते. मिलमच्या लोकांइतके चांगले वाटाडे कुठे मिळणार? नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणीसिंह त्यांच्याबरोबर गेले. मानसरोवर, राक्षसताल, लडाख असा मोठा प्रवास झाला. मोजमापाची उपकरणं कशी वापरतात, हे नैनसिंहांनी तिथेच पहिल्यांदा हाताळून बघितलं.

या बंधूंपैकी अ‍ॅडॉल्फ पुढे काशगरला गेला आणि १८५७ साली तिथे त्याचा शिरच्छेद झाला. गोऱ्या माणसाने या भागात जाण्याचा अर्थ काय, ते सगळ्यांना कळून चुकलं.

नैनसिंह तोवर गावी परतले होते. १८५८ मध्ये मिलमच्या सरकारी शाळेत ते मास्तर झाले. पहाडात मास्तरला पंडित म्हणायचे. पुढे अशा छुप्या सर्वेक्षकांच्या सगळ्या पिढीलाच इतिहासात पंडित हे नाव पडलं.

माँटगोमेरीची आयडिया

ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे भारताची त्रिकोणमितीने मोजणी करणारं सरकारी खातं. त्यात कॅप्टन थॉमस माँटगोमेरी नावाचा अधिकारी होता. काराकोरमच्या शिखराला 'के२' हे नाव देणारा तो हाच. लडाखच्या बाजूला काम करताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या वाटांवर आपल्याला पाऊल टाकता येत नाही, तिथून हिंदुस्थानी व्यापारी आणि यात्रेकरू बिनदिक्कत येतात-जातात.

मग मोजणी त्यांनाच शिकवली तर?

कुमाऊँच्या शिक्षण खात्यातल्या एडमंड स्मिथ या अधिकाऱ्याने दोन नावं सुचवली, नैनसिंह आणि मणीसिंह. १८६३ मध्ये दोघं डेहराडूनला दाखल झाले. प्रशिक्षण सुमारे दोन वर्षांचं.

सगळ्यात आधी शिकायचं होतं चालायला. चढ असो, उतार असो की सपाटी, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. नैनसिंहांचं पाऊल ठरलं साडेएकतीस इंचांचं, म्हणजे ८० सेंटिमीटर. २,००० पावलं म्हणजे एक मैल. मोजून बघा, फरक अगदी किरकोळ येतो.

पण नुसतं अंतर कळून नकाशा होत नाही. दिशा हवी, उंची हवी, अक्षांश हवेत. आणि या सगळ्याची उपकरणं यात्रेकरूच्या सामानात लपवायची होती.

हातात फिरवायच्या तिबेटी प्रार्थनाचक्राच्या आत मंत्राची गुंडाळी असते. नैनसिंहांच्या चक्रात कोऱ्या कागदाची पट्टी होती. दिवसभराच्या नोंदी त्यावर. कुणी जवळ आलं की चक्र फिरवायला सुरुवात करायची, कारण जप करणाऱ्या माणसाला मध्येच टोकायचं नाही, ही तिकडची रीत.

थर्मामीटर हातातल्या पोकळ काठीत. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. समुद्रकिनारी १०० अंशांना उकळणारं पाणी ल्हासामध्ये ८८ अंशांच्या आसपास उकळतं. चहाचं आधण ठेवायचं, हळूच थर्मामीटर बुडवायचा आणि त्यावरून जागेची उंची काढायची.

ताऱ्यांचे कोन मोजायचं सेक्स्टंट हे उपकरण पेटीच्या चोरकप्प्यात. हे उपकरण समुद्रावर सोपं जातं, कारण क्षितिज सरळ दिसतं. डोंगरात क्षितिज आणायचं कुठून? त्यासाठी पारा. कवड्यांमध्ये पारा भरून तोंड मेणाने बंद केलेलं. रात्री तो लाकडी वाडग्यात ओतला की आरशासारखा सपाट पृष्ठभाग तयार. तारा आणि त्याचं पाऱ्यातलं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा, निम्मा करायचा, झालं काम. सकाळी त्याच वाडग्यातून चहा प्यायला मोकळे.

कागदपत्रांतून त्यांचं नावही काढून टाकलं गेलं. ते झाले 'पंडित', पंडितांतले पहिले. पुढची कित्येक वर्षं लंडनच्या नियतकालिकांत त्यांच्या प्रवासाची वर्णनं छापून आली ती नावाशिवायच.

ल्हासाची वाट

जानेवारी १८६५ मध्ये दोघं भाऊ डेहराडूनहून निघाले आणि मार्चमध्ये काठमांडूला पोचले. तिथून तिबेटची हद्द ओलांडायचा पहिला प्रयत्न फसला. आम्ही बशहरचे व्यापारी आहोत, ही त्यांनी सांगितलेली कहाणी सीमेवरच्या लोकांना पटली नाही. सरळ वाट सोडून हे इतक्या आडवळणाने कशाला येतील? शंका रास्त होती. मणीसिंह पश्चिम नेपाळच्या बाजूने मागे फिरले. नैनसिंहांनी वेष बदलला, लडाखी माणसासारखी वेणी लावली आणि पुन्हा निघाले.

या वेळी किरोंगच्या अधिकाऱ्याने सोडलं, पण एका अटीवर. ल्हासाला जाणार नाही, गेलो तर जीव गमावीन, असं त्यांना लिहून द्यावं लागलं.

आणि ते ल्हासालाच निघाले होते.

सप्टेंबरात ते ट्राडोमच्या मठापाशी पोचले. तिथे त्यांना लडाखी व्यापाऱ्यांचा एक तांडा भेटला. काश्मीरच्या महाराजांच्या माणसांचा हा तांडा ल्हासाला चालला होता. आता एकट्याने चालायची गरज उरली नाही. सोबत त्सांगपो नदी होती. हीच नदी खाली आसामात ब्रह्मपुत्रा होते. या नदीचा मानसरोवराच्या बाजूपासून ल्हासाच्या जवळपासपर्यंतचा मार्ग नीट मोजून नकाशावर आला, तो नैनसिंहांच्या या प्रवासातून.

ऑक्टोबरच्या अखेरीस तांडा शिगात्सेला पोचला. जवळच ताशी ल्हुन्पोचा प्रचंड मठ. तांड्यातले लोक पंचेन लामांच्या दर्शनाला निघाले तेव्हा नैनसिंहांना घाम फुटला. कारण लामा समोरच्याच्या मनातलं ओळखतात, असा समज होता, आणि आपल्या मनात काय दडलंय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आत गेल्यावर दिसला अकरा-बारा वर्षांचा मुलगा. त्याने सगळ्यांना विचारतात तेच तीन प्रश्न विचारले. तुमचा राजा बरा आहे का, मुलूख सुखात आहे का, तुमची तब्येत ठीक ना? दर्शन संपलं. नैनसिंह सुटले.

मुक्काम लांबला तसे पैसे संपत आले. तेव्हा मदतीला आला मास्तरकीचा अनुभव. नेपाळी व्यापाऱ्यांना त्यांनी आपल्या पद्धतीने हिशेब ठेवायला शिकवलं आणि त्यावर गुजराण केली.

१० जानेवारी १८६६. नैनसिंह ल्हासात पोचले.

ल्हासात काय पाहिलं?

मुक्काम होता सुमारे तीन महिन्यांचा. धर्मशाळेतली खोली भाड्याने घेतली. रात्री ताऱ्यांची मोजमापं, दिवसा शहर बघणं. बाजारात चीन, नेपाळ, भूतान, काश्मीर, लडाख सगळीकडचे व्यापारी. चहा, रेशीम, केशर, गालिचे, घोड्यांची खोगिरं. त्यांच्या नोंदींत तारे आहेत, तसे बाजारभाव, मठांतल्या भिक्षूंची संख्या आणि सणवारही आहेत.

एक नोंद तर फारच भन्नाट आहे. तिबेटी नववर्षाच्या काळात सुमारे तीन आठवडे शहराचा कारभार नेहमीच्या अधिकाऱ्यांकडून काढून द्रेपुंग मठाच्या एका भिक्षूकडे जायचा. हा हक्क लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला मिळायचा. चांदीचा दंड हातात घेऊन तो शहरात फिरायचा आणि बारीकसारीक कारणांवरून दंड वसूल करायचा. ज्यांना परवडत नसे ते गरीब लोक तेवढे दिवस शहर सोडून जायचे. जेम्स फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञाने पुढे आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात ही प्रथा सांगितली आहे.

दलाई लामांचंही दर्शन झालं. तेही लहान मूलच. प्रश्नही तसेच.

नैनसिंहांनी सूर्य आणि ताऱ्यांवरून ल्हासाचे अक्षांश काढले. ते आले २९ अंश ३९ मिनिटांच्या जरा पुढे. आज उपग्रहावरून बघितलं तरी आकडा जवळपास तोच येतो.

पण धोका वाढत होता. परवानगीशिवाय शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. त्याहून वाईट म्हणजे, ज्याला लिहून दिलं होतं तो किरोंगचा अधिकारीच एक दिवस ल्हासाच्या रस्त्यावर दिसला. नैनसिंहांनी खोली बदलली आणि बाहेर पडणं जवळपास बंद केलं.

आणि एकदा ते पकडलेही गेले. ल्हासात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांपैकी दोघांनी हा लडाखी नव्हे, हे ओळखलं. खोदून विचारल्यावर नैनसिंहांनी खरं सांगून टाकलं. त्या दोघांनी एक शब्द बोलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी तोंड बंद ठेवलं. वर घड्याळ गहाण ठेवून घेऊन पैसेही दिले. स्वतः परक्या मुलखात राहणाऱ्या माणसांनी दुसऱ्या परक्याला दिलेला तो आसरा होता.

२१ एप्रिलला लडाखी तांड्याबरोबर ते परत निघाले. मानसरोवर, मग खिंडी, मग घर. वर्ष संपायच्या आत डेहराडूनला हिशेब सादर झाला. सुमारे १,२०० मैलांची वाट, तीसहून जास्त ठिकाणांची उंची आणि अक्षांश.

सोन्याच्या खाणीतली गाणी

पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, त्यांना पश्चिम तिबेटमध्ये पाठवलं गेलं. सरकारला तिथल्या सोन्याच्या खाणींची उत्सुकता होती. माना खिंडीतून जाऊन नैनसिंह थोक जालुंगला पोचले. उंची १६,००० फुटांच्या वर. वारा असा की माणूस उभा राहू शकत नाही.

तिथे त्यांना दिसलं ते असं. खाणकामगार जमिनीत सात-आठ फूट खड्डे खणून त्यात तंबू ठोकतात, म्हणजे वाऱ्यापासून आडोसा. झोपतात ते पाठीवर नाही. गुडघे आणि कोपर टेकून, डोकं गुडघ्यांत घेऊन, अंगावर मिळतील तेवढे कपडे ओढून, म्हणजे ऊब बाहेर जात नाही. आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट, खाणीत गर्दी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त. जमीन गोठून घट्ट झाली की खणलेल्या भिंती ढासळत नाहीत. तेव्हा तिथे ६०० च्या आसपास तंबू पडतात.

एवढ्या थंडीत ती माणसं खणताना गाणी म्हणायची आणि बायकापोरं त्यांना साथ द्यायची. नैनसिंहांनी हेही टिपून ठेवलं. सरकारला सोन्याचा अंदाज हवा होता. त्याबरोबर हे सगळं फुकट मिळालं.

शेवटचा प्रवास, लेह ते तवांग

१८७३-७४ मध्ये सरकारच्या यारकंद मोहिमेत काम करून आल्यावर नैनसिंहांच्या वाट्याला सगळ्यात मोठी कामगिरी आली. जुलै १८७४ मध्ये ते लेहहून निघाले. वेष लामाचा. सामान वाहायला २६ मेंढ्या. मिलमच्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. मेंढी वाटेत चरते, तिला दाणावैरण लागत नाही आणि अडचणीला खाताही येते. त्यातल्या अगदी मोजक्याच शेवटपर्यंत टिकल्या.

पँगाँग सरोवराच्या काठाने पूर्वेला, मग उत्तर तिबेटच्या ओसाड पठारावरून एकामागून एक सरोवरं ओलांडत ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा ल्हासात आले. या वेळी फक्त दोन दिवस राहता आलं. ओळखीचा माणूस भेटला आणि ब्रिटिशांचा हेर येतोय अशी कुणकुण शहरात होतीच. त्यांनी आतापर्यंतच्या नोंदी दोन साथीदारांकडे देऊन लेहला रवाना केल्या. स्वतः उत्तरेकडच्या मठाला यात्रेला जातो असं सांगून बाहेर पडले आणि रात्री गपचूप दक्षिणेला वळले.

२४ डिसेंबरला ते तवांगला पोचले. आज अरुणाचलच्या टूर पॅकेजमध्ये हमखास असणारं तवांग. इथले लोक मोनपा. भाषा, पेहराव, घरं, सगळं ल्हासापेक्षा वेगळं. कारभार मठातल्या लामांच्या सभेच्या हाती. आसामशी चालणारा व्यापारही याच लोकांच्या ताब्यात, त्यामुळे तिबेटकडून आलेल्या व्यापाऱ्याला ते खाली सोडायला तयार नव्हते. नैनसिंहांना जवळपास दोन महिने अडकून पडावं लागलं. गंमत बघा, ज्याच्या खोऱ्याचं पोट अशाच घाटवाटांच्या हक्कावर चालायचं, त्याला दुसऱ्या खोऱ्याने तोच हक्क दाखवला. मुक्कामात त्यांनी तवांगची सविस्तर माहिती लिहून काढली. बाहेरच्या जगाला या भागाची नीट ओळख झाली ती तिथून.

१ मार्च १८७५ रोजी ते आसामातल्या उदलगुरीला उतरले. १,३०० मैलांहून जास्त वाट मोजून झाली होती. तब्येत खचली होती, नजर अधू झाली होती.

मेडल मिळालं, आणि मग?

१८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. हेन्री यूलसारख्या विद्वानाने त्यांची बाजू लावून धरली होती. आधी मिळालेलं सोन्याचं घड्याळ होतंच. आता सरकारने सी. आय. ई. हा किताब आणि रोहिलखंडात एक गाव दिलं. नाव छापायला हरकत उरली नाही, कारण आता त्यांना पुन्हा जायचं नव्हतं. त्यांनी पुढच्या पंडितांना शिकवलं. त्यांचेच भाऊबंद किशनसिंह पुढे मोठे सर्वेक्षक झाले. शतक संपायच्या आत नैनसिंह गेले.

शौर्यकथा म्हणून गोष्ट इथे संपवता येते. पण तिला दुसरी बाजूही आहे.

ज्या लोकांनी त्यांना घरात घेतलं, ज्या तांड्यांनी सोबत दिली, त्या सगळ्यांशी नैनसिंह खोटं बोलत होते. अशा खोट्याची किंमत कधीकधी दुसऱ्यालाच मोजावी लागायची. दार्जिलिंगचे शरच्चंद्र दास हे आणखी एक शाळामास्तर नैनसिंहांनंतर काही वर्षांनी असेच तिबेटमध्ये गेले. ते सुखरूप परतले. त्यांना आसरा देणारे सेंगचेन लामा मात्र सापडले आणि १८८७ मध्ये त्यांना नदीत बुडवून मारण्यात आलं.

१९०३-०४ मध्ये यंगहजबंड याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश फौज थेट तिबेटमध्ये घुसली. जुनाट बंदुका आणि तलवारी घेतलेले शेकडो तिबेटी मशीनगनसमोर मेले. ल्हासापर्यंत जायचा मुलूख आता कोरा राहिला नव्हता. त्याच्या पहिल्या रेघा पंडितांच्या पावलांनी काढलेल्या होत्या.

नैनसिंहांना हे दिसत होतं का? त्यांनी नोकरी प्रामाणिकपणे केली, जिवावर उदार होऊन केली आणि तिच्यातून आपल्या घराण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. एका पहाडी मास्तरासाठी त्या काळात दुसरं कुठलं दार उघडं होतं? हिरो की हेर, अशी एकच चिठ्ठी चिकटवली की हा पेच दिसेनासा होतो. त्यांच्याइतकं तिबेट इंग्रजांच्या कुठल्याच माणसाला कळलेलं नव्हतं, आणि ते कळलं होतं शेजारी म्हणून. त्या शेजारपणाचाच इंग्रजांनी उपयोग करून घेतला.

मिलमचं काय झालं?

१९६२ मध्ये भारत-चीन युद्ध झालं आणि खिंडी बंद झाल्या. व्यापार थांबला. मीठ येईना, लोकर येईना, फोडलेल्या दगडाचा पलीकडचा तुकडा पलीकडेच राहिला. मिलमची माणसं खाली मुनस्यारी, पिथौरागढ, हल्द्वानीकडे उतरली आणि बहुतेक परत गेली नाहीत. आज हिमनदीच्या ट्रेकला जाणारे लोक या गावातून जातात तेव्हा छप्पर नसलेल्या दगडी भिंती आणि नक्षीच्या चौकटी दिसतात. उन्हाळ्यात काही कुटुंबं अजूनही वर येतात, बटाटे लावतात, नंदादेवीची पूजा करतात.

२००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने नैनसिंहांचं तिकीट काढलं. इतिहासकार उमा भट्ट आणि शेखर पाठक यांनी त्यांच्या डायऱ्या शोधून, अभ्यासून 'एशिया की पीठ पर' हा ग्रंथ सिद्ध केला, म्हणून आज त्यांची गोष्ट इंग्रजांच्या रिपोर्टापलीकडे जाऊन वाचता येते.

कधी लडाखला पँगाँगच्या काठावर किंवा तवांगच्या मठासमोर फोटो काढायला उभे राहिलात, तर मोबाइलवर नकाशा उघडून बघा. पँगाँगपासून ल्हासावरून तवांगपर्यंत बोट फिरवायला दोन सेकंद लागतील. मग त्याच नकाशावर जरा डावीकडे मिलम शोधा. तिथून तिबेटची हद्द अगदी बोटभर अंतरावर दिसते. नैनसिंहांच्या घरचे लोक मेंढ्या घेऊन दर उन्हाळ्यात ती ओलांडायचे. आता तिथून कुणालाच जाता येत नाही.